शून्य पाऊस की तुटलेली जोडणी?

उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र यांच्यामध्ये वसलेल्या वसई-विरार परिसरात पावसाच्या आकड्यास विशेष महत्त्व आहे. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत नालासोपारा येथे रूळ पाण्याखाली जाऊन उपनगरी रेल्वे वाहतूक ठप्प झाली होती. पावसाचे आकडे एखाद्या वेबसेवेकडून दर तासाला मागवून तक्त्यात भरणारी छोटी स्क्रिप्ट आता महाविद्यालयीन विद्यार्थीही लिहू शकतो. मात्र जोडणी न झाल्यास ती तक्त्यात शून्य लिहीत असेल, तर पाऊस पडलाच नाही असा त्याचा अर्थ होतो. वस्तुतः आकडा मिळालेलाच नसतो. अशी नोंद रिकामी ठेवावयास हवी.

दोष शोधताना संगणकाने दिलेला संदेश प्रथम नीट वाचावा. सर्व्हरचे नाव सापडत नसल्यास पत्ता बरोबर लिहिला आहे काय, इंटरनेट चालू आहे काय आणि डीएनएस व्यवस्था उत्तर देते काय, हे पाहावे. 'जोडणी नाकारली' हा संदेश सहसा तत्काळ येतो. त्या पोर्टवर बहुधा सेवा चालू नसते. याउलट बराच वेळ थांबून 'मुदत संपली' असे कळल्यास फायरवॉलचा किंवा मंद जाळ्याचा संशय घ्यावा. पायथन भाषेतील 'रिक्वेस्ट्स' या लोकप्रिय संचात अशी मुदत मुळात ठरविलेली नसते. ती न घातल्यास स्क्रिप्ट तासन् तास अडकून पडू शकते.

ब्राउझरमध्ये सेवा उघडते, पण स्क्रिप्टला मिळत नाही, असे कार्यालयांत पुष्कळदा घडते. तेथे प्रॉक्सी आडवा येत असतो. ब्राउझरला तो ठाऊक असतो, स्क्रिप्टला सांगावा लागतो. प्रमाणपत्राचा दोष आल्यास संगणकाची तारीख व वेळ तपासावी. पडताळणीच बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. मग आकडे खऱ्या सेवेकडून आले की मधल्या कोणाकडून, हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

४०१, ४२९ वा ५०३ असा क्रमांक आला, तर जोडणी झालेली आहे. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही, ४२९ म्हणजे मागण्या फार झाल्या, ५०३ म्हणजे सेवा तूर्त उपलब्ध नाही. शेवटच्या दोहोंत लागोपाठ धडका देऊ नयेत. दोन सेकंद, मग चार, मग आठ असे अंतर वाढवीत मोजकेच प्रयत्न करावेत आणि प्रत्येक अपयशाची वेळ व संदेश टिपून ठेवावा. भर पावसात वीज जाऊन राउटर बंद पडला, तर नेमक्या महत्त्वाच्या तासांचे आकडे हुकतात. सेवा मागील तासांचे आकडे देत असल्यास, जोडणी परत येताच त्या रिकाम्या नोंदी भरून घ्याव्यात.