निराधार अनुदानासाठी खात्रीची मदत

प्रश्न : संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या अर्जासाठी एजंट विधवा महिलांकडून पैसे मागतात, खात्रीची मदत कोठे मिळेल?

उत्तर : हा अर्ज तहसील कार्यालयात स्वीकारला जात असल्याने एजंटाची गरजच नसते, आणि निराधार बाईकडून असे पैसे उकळणे हा उघड अन्याय आहे. तालुका विधी सेवा समिती, म्हणजे १९८७ च्या कायद्यानुसार मोफत कायदेविषयक साहाय्य देणारी यंत्रणा, महिलांना व दिव्यांगांना उत्पन्नाची अट न लावता मदत करते. त्यासाठी १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. अर्ज दिल्यावर तारीख आणि शिक्का असलेली पोच मागून घ्यावी, कारण पुढे दिरंगाई झाल्यास तोच पुरावा ठरतो. मोबाइलवर आलेला ओटीपी किंवा अंगठा उठवलेला कोरा कागद मात्र, मदतनीस गावातलाच असला तरी, त्याला देऊ नये.