इंग्रजी पत्रकासाठी वजनदार विशेषणे

दुकानाची पाटी, मालाचे पत्रक, परगावच्या व्यापाऱ्यास लिहिलेले पत्र आणि आता मोबाइलवर मालाच्या छायाचित्राखाली टाकलेल्या दोन ओळी, या सर्व ठिकाणी आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंना इंग्रजीचा आधार घ्यावा लागतो. माल चांगला असतो, भावही वाजवी असतो. पण वर्णन करताना लेखणी ‘बेस्ट’, ‘सुपर’, ‘नंबर वन’ यांच्यापुढे सरकत नाही. शेजारच्या दुकानावरही हेच शब्द असतात. मग गिऱ्हाइकाने फरक करावा तो कशावरून?

प्रथम जोर दाखवणारी विशेषणे पाहू. मराठीत ‘कडक’ किंवा ‘दमदार’ हा शब्द चहापासून इंजिनापर्यंत कुठेही चालतो. इंग्रजीत तशी मोकळीक नाही. चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो. इंजिन मात्र ‘पॉवरफुल’च असते. शिवण, दोर, कुलूप यांना ‘स्ट्राँग’ शोभते. रोज ओझे वाहणाऱ्या पेटीला किंवा ट्रॉलीला ‘हेवी-ड्यूटी’ म्हणावे. चपलेचा तळ ‘टफ’ म्हटला तर ती स्तुती होते, पण मांसविक्रेत्याने मालाला ‘टफ’ म्हटले तर इंग्रजी जाणणारा गिऱ्हाईक ‘चिवट’ असे समजून निघून जाईल. तेथे ‘टेंडर’ हवे. अत्तरवाल्यांनी विशेष जपावे. ‘स्ट्राँग स्मेल’ म्हटले की इंग्रजी वाचणाऱ्याच्या मनात बहुधा नकोसा उग्र वासच येतो. सुगंध टिकाऊ आहे असे सांगायचे तर ‘लाँग-लास्टिंग’, भरदार आहे असे सांगायचे तर ‘रिच’ हा शब्द घ्यावा, आणि ‘स्मेल’ऐवजी ‘फ्रेग्रन्स’ लिहावे.

भावाच्या बाबतीत आपल्या बाजारपेठेतील लाडकी पाटी म्हणजे ‘चीप अँड बेस्ट’. येथील गिऱ्हाइकाला ती खटकत नाही, पण परदेशी खरेदीदाराच्या कानी ‘चीप’ म्हणजे हलका, दोन दिवसांत मोडणारा माल. किरकोळ विक्रीत ‘अफोर्डेबल’ किंवा ‘रीझनेबल’, तर ठोक व्यापाराच्या पत्रात ‘कॉम्पिटिटिव्ह’ हा शब्द रूढ आहे. ‘इकॉनॉमिकल’चा अर्थ थोडा निराळा आहे. जो माल वापरात बचत करतो, म्हणजे कमी तेल खाणारा स्टोव्ह किंवा थोड्यात भागणारा साबण, त्याला ते विशेषण द्यावे.

आता मुख्य मुद्दा. पटवून देणारे विशेषण आणि नुसती स्तुती करणारे विशेषण यांत अंतर आहे. ‘ब्यूटिफुल’, ‘वंडरफुल’, ‘एक्सलंट’ ही विक्रेत्याची मते झाली; ती कोणी तपासू शकत नाही, म्हणून कोणी मनावरही घेत नाही. ‘हँड-स्टिच्ड’, ‘वॉशेबल’, ‘रस्टप्रूफ’ ही विशेषणे तपासता येतात आणि म्हणूनच पटतात. कोल्हापुरी चपलेला ‘व्हेरी नाइस’ म्हणण्यापेक्षा ‘व्हेजिटेबल-टॅन्ड’ म्हटले, तर कातडे झाडाच्या सालीने आणि हिरड्यासारख्या फळांनी कमावलेले आहे ही खरी गोष्ट एका शब्दात कळते. खुद्द ‘कोल्हापुरी’ हेही विशेषणच आहे आणि २०१९ पासून त्याला भौगोलिक मानांकनाचे संरक्षण आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या कंपनीने तशाच घडणीच्या चपला मांडल्या, तेव्हा त्यांना नुसते ‘लेदर’ म्हटले होते. त्यावर आपल्याकडे जो गदारोळ झाला, तो या एका गाळलेल्या विशेषणाचाच. पुढे कंपनीने प्रेरणा कोठून घेतली ते मान्य केले.

तपासता येणारे विशेषण कायद्यालाही तपासता येते, हे ध्यानात असावे. लंडनमध्ये १८९२ साली कार्लिल यांचा खटला गाजला. औषधी धुराच्या गोळ्याने इन्फ्लुएंझा टळतो, न टळल्यास १०० पौंड देऊ, अशी कंपनीची जाहिरात होती. ती केवळ फुशारकी होती, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. आपल्याकडेही १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार, वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाप्रमाणे असलाच पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय प्राधिकरण उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत. ‘बेस्ट’ म्हटल्याने सहसा कोणी कोर्टात खेचत नाही. पण यंत्रमागाच्या कापडाला ‘हँडवूव्हन’ म्हणणे म्हणजे उघड खोटे वर्णन होय. मालेगाव, भिवंडीच्या बंधूंनी या शब्दाच्या मोहात पडू नये. यंत्रमागाच्या कापडाला ‘ड्युरेबल’, ‘कलरफास्ट’, ‘क्लोज-वूव्हन’ असे खरे आणि चांगले शब्द आहेतच. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील ‘नॅचरल’, ‘फ्रेश’, ‘प्युअर’, ‘ट्रॅडिशनल’ या शब्दांना तर २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांनी अटीच घालून दिल्या आहेत. मसाले, लोणची, मिठाई करणाऱ्यांनी लेबल छापण्यापूर्वी त्या वाचाव्यात.

पत्रव्यवहाराविषयी थोडेसे. भाव आता कमी होणार नाही हे भांडण न करता सांगायचे, तर ‘फर्म’ हा शब्द घ्यावा. ‘आउटस्टँडिंग’ जपून वापरावा. कारागिरीला लावला तर तो उत्कृष्ट, बिलाला लावला तर थकीत! ‘अर्जंट’ प्रत्येक पत्रावर लिहिणाऱ्याचे खरोखर निकडीचे पत्रही तसेच पडून राहते. ‘युनिक’च्या आधी ‘मोर’ किंवा ‘व्हेरी’ लावू नये. एकमेव वस्तू अधिक एकमेव होत नाही.

शेवटी क्रम. इंग्रजीत विशेषणे कशीही रचत नाहीत. मताचे आधी, मग आकार, वय, रंग, मूळ ठिकाण आणि सामग्रीचे अगदी नामाला चिकटून. ‘कॉटन ब्लू लार्ज शीट’ हे कानाला अडखळते. ‘लार्ज ब्लू कॉटन शीट’ सरळ जाते. दोन-तीन विशेषणे पुरेत. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तेथील कारागिराने ‘सुपर बेस्ट क्वालिटी सितार’ असे लिहिण्याऐवजी ‘हँडमेड मिरज सितार’ एवढेच लिहावे आणि खालच्या ओळीत भोपळा कोठला, लाकूड कोणते व ते किती दिवस वाळवले, हे सांगावे.