मानेला झटका देऊ देण्याआधी

मान आखडली की कुणीतरी सांगतंच, 'अमक्याकडे जा, एका झटक्यात मोकळी करतो.' सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याला खरोखरच आराम पडलेला असतो. तरीही मानदुखीशी असलेल्या माझ्या जुन्या ओळखीतून आणि त्यावरच्या वाचनातून माझं मत ठाम झालं आहे, की मानेला झटका देऊ देऊ नये. झटक्याने जे मिळतं ते त्याच्याशिवायही मिळतं, आणि क्वचित जे जातं ते भरून येईलच असं नाही.

आधी फायद्याचं बघू. गर्ट ब्रॉनफोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटात दोन ते बारा आठवडे मान दुखत असलेल्या 272 जणांचे तीन गट केले. एकाला मणक्यांचे झटके, दुसऱ्याला औषधं आणि तिसऱ्याला दोन बैठकांत शिकवलेले घरचे व्यायाम असे उपचार 12 आठवडे चालले. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत झटके औषधांपेक्षा सरस ठरले, पण झटके आणि व्यायाम यांच्यात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. ब्रॉनफोर्ट स्वतः कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणक्यांना झटके देऊन उपचार करणारे, आहेत, त्यामुळे झटक्यांविरुद्ध त्यांचा पूर्वग्रह होता असंही म्हणता येत नाही. व्यायाम तरी काय होते? हनुवटी आत घेणं, मान सावकाश वळवणं, खांद्यांची पाती मागे ओढणं. वजन न लावता, दिवसातून अनेकदा. झटका देताना होणाऱ्या ज्या 'कडक्' आवाजावर लोकांचा इतका विश्वास असतो, तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा असतो. सरकलेला मणका जागेवर बसल्याची ती खूण नव्हे.

आता धोका. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून वर जातात आणि सगळ्यात वरच्या मणक्याला वळसा घालून कवटीत शिरतात. मान एकदम पिळली गेली तर त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं; तिथे रक्ताची गुठळी धरते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. हे फार क्वचित घडतं, हे मान्यच करायला हवं. झटक्यांची बाजू घेणारे कॅनडातल्या ऑन्टारियोचा 2008 चा मोठा अभ्यास पुढे करतात. अशा पक्षाघाताआधी रुग्ण कायरोप्रॅक्टरकडे गेलेले आढळले, तसेच साध्या डॉक्टरांकडेही गेलेले आढळले. संशोधकांच्या मते धमनी आधीच फाटू लागलेली असावी आणि त्याच वेदनेमुळे माणूस उपचाराला गेला असावा. हा आक्षेप मला वजनदार वाटतो. पण तो पूर्ण खरा धरला तर काय होतं? नुकतीच मान दुखू लागलेल्यांपैकी एखाद्याची धमनी आधीच फाटत असते, आणि टेबलावर झोपलेल्या दहा जणांत तो कोणता हे हात लावून खात्रीने ओळखता येत नाही. मग ती मान पिळायची कशाला? अमेरिकन हार्ट असोसिएशननेही 2014 च्या निवेदनात, झटके आणि धमनी फाटणं यांच्यात कार्यकारणभाव सिद्ध झालेला नसला तरी त्यांचा संबंध रुग्णाला आधी सांगावा, असं म्हटलं. गोळ्यांनाही दुष्परिणाम असतात हे उत्तर इथे लागू पडत नाही, कारण निवड गोळी की झटका एवढीच नाही.

प्रशिक्षित माणसाचा हात सलूनमधल्या चंपीनंतरच्या झटक्यापेक्षा नक्कीच बरा; तिथे तर तपासणीच नसते. खुर्चीत बसतानाच 'मान मोडू नका' असं सांगावं. फिजिओथेरपिस्टकडे गेल्यावरही 'झटका नको, हळूवार हालचाली आणि व्यायाम द्या' असं म्हणायला संकोचू नये. आधी कधी झाली नव्हती अशी, एका बाजूची मानदुखी किंवा डोकेदुखी, एकाचे दोन दिसणं, बोबडी वळणं, पापणी खाली पडणं, तोल जाणं, गिळायला त्रास, यांपैकी काही असेल तर मानेला कुणालाही हात लावू न देता थेट मोठं रुग्णालय गाठावं. हीच लक्षणं झटक्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी दिसली तर मान मोडून घेतल्याचं डॉक्टरांनी न विचारताही त्यांना सांगावं. नाहीतर तरुण माणसाची चक्कर पित्ताची समजून त्याला घरी पाठवलं जाऊ शकतं. ही एक माहिती मिळाली तर डॉक्टर मानेतल्या धमन्यांचा स्कॅन काढण्याचा विचार करतात. आणि उशीर करू नये, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं.