भीती वाटते, असं देवाला सांग

माझं माहेर नगरचं. लग्न होऊन दिल्लीच्या करोल बागेत आले त्याला अठरा वर्षं झाली. दोन्ही मुलं इथंच वाढली, आणि दहा वर्षं मी संडे स्कूलमध्येही शिकवते आहे. जीव घाबरा होईल, अंगात बळ उरणार नाही, तेव्हा मुलांनी प्रभूला हाक मारावी, ही माझी इच्छा. ते शिकवताना माझं काय चुकलं आणि काय उमगलं, ते लिहिते.

१. देवाच्या नावानं हमी देऊ नका.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. रोज रात्री गुडघे टेकून आजीसाठी मागायचा. "आजी बरी होईल ना?" मी म्हणाले, "होणारच. तू प्रार्थना करतोस ना!"

आजी गेली. कबरस्तानातून परतल्यावर तो हळूच म्हणाला, "मी नीट मागितलं नसेल."

माझ्या त्या एका वाक्यानं आजीच्या मरणाचं ओझं एवढ्याशा पोराच्या डोक्यावर ठेवलं होतं. मी त्याची क्षमा मागितली. आईनं चुकीचं सांगितलं, असं स्पष्ट म्हणाले. मग गेथशेमानेची गोष्ट सांगितली: पुढ्यातलं दुःख टळावं असं येशूनंही मागितलं होतं, आणि ते टळलं नाही. पौलानं अंगातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली. काटा तसाच राहिला, तो सोसण्यापुरती कृपा मिळाली.

"येशू कधी रडला होता?" त्यानं विचारलं. लाजराच्या कबरीपाशी रडला होता, म्हणाले. तेव्हा कुठं पोरगं रडलं.

पुढं कित्येक महिने तो प्रार्थनेला बसला नाही. मी बोलावलं नाही. त्याच्या वाटणीची जागा मात्र रोज मोकळी ठेवली. त्या दिवसांत मला पंडिता रमाबाई फार आठवायच्या. त्यांची एकुलती एक लेक मनोरमा १९२१ साली गेली. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचं त्यांचं काम त्यानंतरही थांबलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये केडगावला त्याही गेल्या. विश्वास म्हणजे काय, हे मला कुठल्याही प्रवचनापेक्षा या माउलीनं जास्त शिकवलं.

२. आधी भाकर, मग वचन.

एलीया थकून झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला. देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं. पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातलं. दहावीच्या परीक्षेआधी मुलाचे हात थरथरायला लागले, तेव्हा मी हेच केलं. वरण-भात, तूप, आणि नऊला दिवे बंद. झोप आठवडेच्या आठवडे उडाली, तर मुलाला डॉक्टरांकडे न्यावं. तसं नेणं हा अविश्वास नव्हे.

३. मुलाला त्याच्या भाषेत बोलू द्या.

घरात मराठी, गल्लीत हिंदी-पंजाबी, शाळेत इंग्रजी. धाकटी डोळे मिटून "यीशु जी, मुझे डर लग रहा है" म्हणते. आधी मी तिला मराठीत बोलायला लावायची. पण रमाबाईंनी भाषांतर साध्या बोलीत केलं ते साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणूनच ना? मग मी कोण अडवणार!

४. स्तोत्रसंहितेतली रडगाणीही वाचा.

तेविसावं स्तोत्र सगळ्यांना पाठ असतं. पण तेरावं, बाविसावं, अठ्ठ्याऐंशीवं? देवाशी इतकं स्पष्ट भांडता येतं, हे कळल्यावर वर्गातली गप्प मुलं बोलायला लागली. एकीनं तर वहीत स्वतःचंच स्तोत्र लिहिलं, सगळं तक्रारीचं. मी ते जपून ठेवलंय.

५. तुमची भीती मुलांपासून लपवू नका.

पाऊस ओसरला की दिल्लीत डेंग्यू डोकं वर काढतो. एका वर्षी यांना झाला, प्लेटलेट रोज उतरत होत्या. मी मुलांसमोर हसत राहायची आणि स्वयंपाकघरात दार लावून रडायची. एका रात्री दार लावायचं राहिलं. मुलगा आत आला, तोच, कित्येक दिवस प्रार्थनेला न बसलेला. काही न बोलता माझ्याशेजारी फरशीवर बसला. मागून धाकटी आली. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "यीशु जी, मम्मी को डर लग रहा है."

"आमेन," मुलगा म्हणाला.