निघण्याआधी त्यांना विचार

अगं, वादळानं उघड्यावर आणलेल्या बेटावर घरं बांधायला जायचं तू मनावर घेतलंस, मला फार बरं वाटलं. आईला मी समजावते. पण पिशवी भरण्याआधी निकोबारची हकिगत ऐकून घे, कारण आर्किटेक्चरच्या वर्गात ती तुला कुणी सांगितली नसेल.

26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनं कार निकोबारच्या किनाऱ्यावरची गावं धुऊन नेली. तिथलं जुनं घर म्हणजे लाकडी खांबांवर उचललेली गोल खोली, वर गवताचं घुमटासारखं छप्पर, चढायला शिडी. खालच्या सावलीत माणसं बसायची, वारा खेळता असायचा. घर एकट्यादुकट्याचं नव्हतंच. तुहेत नावाचा मोठा गोतावळा एकत्र नांदायचा. जमीन, नारळ, डुकरं, सगळं त्याच्या सामाईक मालकीचं.

त्या लोकांनी तेव्हा हत्यारं मागितली होती. आम्हाला अवजारं द्या, आमची घरं आम्ही उभारतो. त्यांना मिळाले पत्र्याचे निवारे. दुपारी भट्टीसारखे तापायचे, पावसात आत एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. काही वर्षांनी पक्की घरं आली, त्यांचं सामान मुख्य भूमीवरून जहाजांनी आणलेलं. नवरा, बायको, मुलं असा हिशेब धरून ती वाटली गेली आणि तुहेत विखुरलं. देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, मला माहीत आहे. तरी हे वाचलं की अजून जिवाला लागतं. लोकांनी सांगितलं होतं गं, तोंडानं स्पष्ट सांगितलं होतं.

म्हणून जाशील तिथे आधी गावच्या जाणत्यांपाशी बस. निकोबारात गावप्रमुखाला कॅप्टन म्हणतात. तिथे तर 1956 च्या आदिवासी संरक्षण नियमामुळे बाहेरच्यांना परवान्याशिवाय जाताच येत नाही, आणि ते योग्यच आहे. स्वयंपाक कुठे होतो, म्हातारी माणसं कुठे निजतात, हे बायकांना विचार. नकाशा नंतर काढ.

तुझ्या शिक्षणाचा उपयोग होईल तो बांधणीच्या गाठींत. वादळी वारा छपराच्या खाली शिरून त्याला वर उचलतो. छप्पर भिंतीला, भिंत खांबाला आणि खांब पायाला घट्ट जखडलेला हवा, मग छप्पर गवताचं असो नाहीतर पत्र्याचं. तिथल्या सुताराची पद्धत आधी बघ. त्याच्या हातचं काम आपण फुकटात करून त्याची मजुरी बुडवू नकोस. लाकडं वाहा, राडारोडा उपस, भरपाईचे अर्ज भरून दे. बायकांना त्या अर्जांचा फार जाच होतो.

पोटाचंही विचार. निसर्ग वादळानंतर 2020 मध्ये श्रीवर्धनच्या वाड्यांत माडपोफळी आडव्या झाल्या होत्या, तू बघितल्यास. नव्या माडाला नारळ धरायला पाचसात वर्षं लागतात. घर उभं राहिलं तरी तेवढी वर्षं खायचं काय, हा प्रश्न तिथेही असणार. रोपं लावायला माणसं हवी असतील तर तेही काम घे.

आता आधी तिथे फोन कर आणि माणसं हवीत का ते विचार. हो म्हणाले तर जा, मी स्टेशनवर सोडायला येईन. नको म्हणाले तर तिकिटाचे पैसे पाठवून दे, एखाद्या सुताराची मजुरी त्यातून निघेल.