चिप्स फुकट, बाकीचं मोजून : ह्यूस्टनमधल्या मेक्सिकन जेवणाचा हिशेब

ह्यूस्टनमध्ये मेक्सिकन जेवायला जायचं ठरलं की 'स्वस्तात मस्त' हे शब्द आपसूक तोंडात येतात. गाडीवरच्या दोन टॅकोंपुरते ते खरेही आहेत. पण चौघांचं कुटुंब शनिवारी संध्याकाळी एखाद्या बसून खायच्या टेक्स-मेक्स रेस्टॉरंटात गेलं आणि शंभर डॉलरच्या आत सुटलं, असं आता क्वचितच घडतं. गंमत अशी, की मुख्य जेवणाने बिल फारसं फुगत नाही. ते फुगतं आजूबाजूच्या दीड, तीन, नऊ डॉलरच्या गोष्टींनी, आणि त्या आपण कधी मागवल्या हे बिल येईपर्यंत विसरूनही गेलेलो असतो.

पुढचे भाव शहरातल्या आणि शुगर लँड-केटी भागातल्या मधल्या दर्जाच्या रेस्टॉरंटांचे, रात्रीच्या जेवणाचे आणि ढोबळ आहेत. झगमगाटी जागा यात धरलेल्या नाहीत.

खुर्चीत टेकतो न टेकतो तोच गरम चिप्सची टोपली आणि साल्साच्या वाट्या समोर येतात. टेक्ससमध्ये हे बहुतेक ठिकाणी फुकट, संपलं की पुन्हा फुकट. लाल साल्सा असतोच, बरेच जण ॲव्होकाडो घातलेला मऊसर हिरवाही देतात. टोपली ठेवता ठेवता सर्व्हर हसून विचारतो, "सुरुवातीला केसो आणू की ग्वाकामोले?" खरा हिशेब या प्रश्नापासून सुरू होतो. केसो म्हणजे वितळलेल्या चीजची तिखट वाटी, आठ ते बारा डॉलर. ग्वाकामोले नऊ ते चौदा, टेबलाजवळ येऊन समोर कुटून देत असतील तर त्याहून जास्त. केसो हवाच असेल तर 'बोल' न सांगता 'कप' सांगा, चौघांना पुरतो. ग्वाकामोलेच्या बाबतीत आधी मेनूतली फहिताची ओळ वाचा. फहिताबरोबर ग्वाकामोले, सावर क्रीम आणि पिको दे गायो बहुतेक येतंच. ते न बघता आधी वेगळं मागवलं की एकाच टेबलावर दोन ग्वाकामोले येतात आणि दुसरं काळं पडत बसतं.

आता फहिता. ह्यूस्टनमध्ये हा विषय टाळून चालत नाही. नॅव्हिगेशन बुलेव्हार्डवर १९७३ मध्ये निन्फा लॉरेंझो या विधवा बाईंनी आपल्या टॉर्टिया कारखान्याच्या पुढच्या भागात दहा टेबलांचं रेस्टॉरंट सुरू केलं. निखाऱ्यांवर भाजलेलं मांस टॉर्टियात घालून खायची आवड या शहराला लागली, त्यात त्यांचा वाटा मोठा. तेव्हा हे मांस गाईच्या पोटाजवळच्या स्वस्त भागाचं असे. मागणी वाढली तशी तोच भाग महाग झाला. आज एका माणसाचा चिकन फहिता वीस ते पंचवीस डॉलर, बीफचा चोवीस ते बत्तीस. दोघांसाठीचा चाळीसपासून साठपर्यंत जातो. बरीच रेस्टॉरंटं वजनावर भाव लावतात, एकाला अर्धा पौंड आणि दोघांना एक पौंड.

आपल्या घरांसाठी यातला फायद्याचा भाग हा, की दोघांसाठीचा फहिता तिघांना आरामात होतो. भात आणि बीन्स सोबत असतात, जादा टॉर्टिया कुठे फुकट तर कुठे एक-दोन डॉलरला मिळतात. शेजारच्या टेबलाकडे चाललेली चरचरती लोखंडी ताटली पाहून प्रत्येकाला आपापली हवीशी वाटते. तसं करू नका. आणि ताटली आल्यावर मांस कमी वाटलं, तर कांद्याच्या थराखाली शोधायला जाऊ नका. खाली आणखी कांदाच असतो.

बीफ न खाणाऱ्यांसाठी एक सूचना. 'मिक्स्ड' म्हटलं की त्यात बीफ आलंच, आणि चिकनही बहुतेक वेळा त्याच तव्यावर भाजलेलं असतं. कोणाला याने फरक पडत असेल तर विचारून घ्यावं. संकोच करायचं कारण नाही, इथे हा प्रश्न दिवसातून दहा जण विचारतात.

शाकाहारी मंडळींची कथा जरा वेगळी आहे. तिथे पैसे कमी जातात, चौकशी जास्त लागते. रिफ्राइड बीन्समध्ये परंपरेने डुकराची चरबी असते. लालसर भात बऱ्याचदा चिकनच्या पाण्यात शिजवलेला असतो. चारो बीन्समध्ये बेकन, तमालेच्या पिठात चरबी. टेक्स-मेक्स पद्धतीच्या चीज एन्चिलाडावरची ग्रेव्ही तर अनेकदा बीफच्या खिम्याची, तेव्हा आत नुसतं चीज आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नका. अंडं न खाणाऱ्यांनी चिले रेयेनो टाळावा. आपल्या भरल्या मिरचीसारखा दिसला तरी त्याचं आवरण फेसलेल्या अंड्याचं असतं. "यात मांस आहे का?" असं विचारलं तर सर्व्हर "नाही" म्हणतो आणि त्याच्या समजुतीप्रमाणे ते खरंही असतं. म्हणून नाव घेऊन विचारावं : "बीन्समध्ये लार्ड आहे का? भातात चिकन ब्रॉथ आहे का?" लहान जागी 'सिन मांतेका' एवढे दोन शब्द कामाला येतात, म्हणजे चरबी नको.

व्हेजिटेबल फहिता सोळा ते बावीस डॉलर. माझ्या मते हा मेनूतला सर्वांत वाईट सौदा. झुकिनी, सिमला मिरची, मश्रूम आणि पुन्हा तोच कांदा, एवढ्यासाठी इतके पैसे कशाला? पालक किंवा चीज एन्चिलाडांची थाळी तेरा ते सतरामध्ये येते, सॉस तेवढा विचारून बदलून घ्यावा. त्याहून शहाणपणाचं म्हणजे मेनूच्या शेवटी बारीक अक्षरात 'आ ला कार्त' म्हणून सुटे पदार्थ लिहिलेले असतात तिकडे जाणं. एक बीन्स-चीजचा टॅको, एक एन्चिलाडा आणि ब्लॅक बीन्सची वाटी यात पोट भरतं आणि खर्च बाराच्या आसपास राहतो. भारतातून आलेल्या आईबाबांना पूर्ण थाळी संपत नाही, त्यांच्यासाठी तर हीच वाट बरी.

प्यायच्या गोष्टींत नळाचं बर्फवालं पाणी फुकट. फवाऱ्याचा सोडा तीन-चार डॉलर, पण पुन्हा पुन्हा भरून मिळतो. काचेच्या बाटलीतला मेक्सिकन कोक भरून मिळत नाही. तांदूळ-दालचिनीची ओर्चाता किंवा जास्वंदीची हामाइका पुन्हा भरतात का, हे जागेजागेवर ठरतं. मुलं दुसरा ग्लास मागणारच, तेव्हा आधी विचारलेलं बरं. 'हाउस' मार्गारिटा नऊ ते बारा, 'टॉप शेल्फ' तेरा ते सतरा. गोठवलेली मार्गारिटा यंत्रातून काढायची कल्पना टेक्ससचीच. डॅलसच्या मारियानो मार्टिनेझ यांनी १९७१ मध्ये आइस्क्रीमच्या यंत्रात फेरफार करून ती काढली, आणि ते यंत्र आता स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. इतिहास रंजक असला तरी गोठवलेल्या पेल्यात महागडी टकीला मागण्यात अर्थ नाही. बर्फ आणि साखरेत ती कोणाला कळणार? बऱ्याच ठिकाणी आठवड्याच्या दिवसांत दुपारी तीन ते सहाच्या सुमारास हॅपी अवर असतो, पण अनेकदा त्याचे भाव फक्त बारमध्ये बसणाऱ्यांना.

आता प्रत्यक्ष बिल बघू. दोघांचा चिकन फहिता ४८, एन्चिलाडा थाळी १५, मुलीची केसाडिया ८. इथवर सगळं लक्षात होतं. खाली बारीक अक्षरांत केसो ९, दोन सोडे ७, 'सब ब्लॅक बीन्स' १.५० आणि 'ॲड ग्वाक' ३. रिफ्राइडऐवजी ब्लॅक बीन्स मागितल्या त्याचा दीड डॉलर, आणि "एन्चिलाडावर थोडं ग्वाकामोले घालू?" या प्रश्नाला मान हलवली त्याचे तीन. बेरीज ९१.५०. ह्यूस्टनचा विक्रीकर ८.२५ टक्के, म्हणजे ७.५५. १८ टक्के टिप १६.४७. एकूण ११५.५२. त्यातल्या शेवटच्या चार ओळी साडेवीस डॉलरच्या, कर आणि टिप धरून जवळजवळ सव्वीस. मेनू वाचतानाच आकड्याची सव्वापट मनात धरावी, २० टक्के टिप देणार असाल तर त्याहून थोडं वर.

टिपमध्ये काटकसर मात्र करू नये. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख द्यायचा किमान दर टेक्ससमध्ये तासाला २.१३ डॉलर आहे. हाच संघीय दर असून तो १९९१ पासून हललेला नाही. मालक उरलेलं किमान वेतन टिपमधून धरतो. टिप करापूर्वीच्या रकमेवर काढली तरी चालते. पावतीखाली छापलेले सुचवलेले आकडे काही ठिकाणी करासकट रकमेवर असतात, वरच्या बिलात २० टक्क्यांना त्याने जेमतेम दीड डॉलरचा फरक पडतो. खरा घोटाळा मोठ्या गटात होतो. सहा किंवा आठ माणसांच्या पुढे अनेक रेस्टॉरंटं १८-२० टक्के 'ग्रॅच्युइटी' स्वतःच बिलात लावतात, आणि खाली टिपची ओळ तरीही रिकामी असते. मंडळाच्या नाटकानंतर बारा जण जेवायला गेले की ती कोणीतरी उत्साहाने भरतो. बिल वेगवेगळं हवं असेल तर ऑर्डर देण्याआधी सांगा. नाहीतर सरसकट भागाकार होतो आणि बीन्सचा टॅको खाल्लेला माणूस दुसऱ्याच्या टॉप शेल्फ मार्गारिटाचे पैसे भरून, चेहरा हसरा ठेवून घरी जातो.

खर्च आटोक्यात ठेवायचा तर दुपारी जावं. सोमवार ते शुक्रवार, अकरा ते दोन-तीन या वेळेत तीच एन्चिलाडा थाळी 'लंच स्पेशल' म्हणून दहा-तेरा डॉलरला मिळते, चिप्स-साल्सासकट. ५ मेच्या संध्याकाळी, म्हणजे सिंको दे मायोला, मुळीच जाऊ नये. १८६२ च्या पुएब्लाच्या लढाईचा तो दिवस इथे मार्गारिटाचा सण झाला आहे आणि टेबल मिळायला तास-तास लागतो.

मांसाहारी असाल आणि बसून खायचा अट्टहास नसेल, तर स्प्रिंग ब्रँचमधला लाँग पॉइंट रोड किंवा उत्तरेकडचा एअरलाइन ड्राइव्ह गाठा. तिथल्या टॅको ट्रकवर अडीच ते चार डॉलरला एक टॅको, वर कांदा-कोथिंबीर आणि लिंबाची फोड. चवीलाही अनेकदा सरस. चार टॅकोंत जेवण होतं. पोयो म्हणजे चिकन, पास्तोर आणि कार्निटास डुकराचं, बार्बाकोआ बहुधा बीफ आणि लेंग्वा म्हणजे जीभ, एवढं लक्षात ठेवलं की फसगत होत नाही. सुटे पैसे बरोबर ठेवा, टिप म्हणून एक-दोन डॉलर पुरतात.

घरी पाहुणे असतील तर 'फॅमिली पॅक' बघा. चार-पाच जणांचा फहिता, भात, बीन्स, टॉर्टिया आणि चिप्स मिळून पंचावन्न ते ऐंशी डॉलर. पेयं घरची आणि टिप नावापुरती, त्यामुळे तेवढ्याच माणसांच्या बसून जेवणापेक्षा हे बरंच कमी पडतं. फक्त ॲपवरून मागवू नका. तिथे पदार्थांचेच भाव बहुतेक वेळा चढे असतात आणि वर फी वेगळी. फोन करून स्वतः आणायला जा, आणि गाडी सुरू करण्याआधी पिशवी उघडून साल्सा आणि टॉर्टिया दोन्ही आहेत ना, ते बघून घ्या. साल्सा नेमका तिथेच राहतो.