शिडाच्या होडीचे सभासद

सोलापूर जिल्ह्यात, अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेजवळ दुधनी हे गाव आहे. तुरीच्या बाजारपेठेसाठी ते ओळखले जाते. मराठी व कन्नड या दोन्ही भाषा येथे सारख्याच कानी पडतात. येथून कोणत्याही दिशेला समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. येथील शिवारात पडलेला पाऊस भीमेस मिळतो, भीमेतून कृष्णेत जातो आणि शेवटी पूर्वेकडील बंगालच्या उपसागरात पोहोचतो. गावच्या स्थानकावरून जाणारा लोहमार्ग मात्र पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून पश्चिमेस, मुंबईला, अरबी समुद्राच्या काठी नेतो.

अशा गावी शिडाच्या होडीची वार्ता कशाला, असे कोणास वाटेल. परंतु वाऱ्याची पारख येथील शेतकऱ्यास नवी नाही. मळणीयंत्रे येण्यापूर्वी खळ्यावर धान्य उफणताना वारा कोणीकडून वाहतो, केव्हा पडतो व केव्हा पुन्हा सुटतो, यावर साऱ्यांची नजर असे. तिवईवर उभ्या राहिलेल्या माणसाने वाऱ्याचा रोख चुकविला, तर भुसा धान्याच्या राशीवरच येऊन पडे. समुद्रावर शीड उभारणाऱ्यास हीच पारख लागते. त्याने रोख चुकविला, तर होडी जागच्या जागी थांबते, नाही तर कलंडते.

मुंबईस अपोलो बंदरावर उभे राहिले, म्हणजे मोठमोठी जहाजे आणि प्रवाशांच्या लाँची यांच्यामधून काही लहान, पांढऱ्या शिडांच्या होड्या फिरताना दिसतात. त्यांत मासळी नसते, की माल नसतो. केवळ वाऱ्याच्या बळावर होडी चालविण्याच्या आनंदासाठी आणि शर्यतीसाठी त्या पाण्यात उतरलेल्या असतात. अशा होडीस ‘यॉट’ म्हणतात. होड्या बाळगणारे व चालविणारे लोक एकत्र येऊन जी संस्था स्थापन करतात, ती यॉट क्लब होय.

मुंबईचा यॉट क्लब फार जुना आहे. त्याची स्थापना १८४६ साली झाली. १८७६ साली त्याच्या नावामागे ‘रॉयल’ ही पदवी लागली व १८८१ साली अपोलो बंदरावर त्याची देखणी वास्तू उभी राहिली. तेव्हा गेटवे ऑफ इंडिया अस्तित्वातही नव्हते. मात्र या क्लबाचे दार भारतीयांना बंद होते. या किनाऱ्यावर शीड काही इंग्रजांनी आणले नव्हते. शिवाजी महाराजांच्या आरमारात आणि कान्होजी आंग्रे यांच्या ताफ्यात गुराबा व गलबते शिडांवरच चालत होती. कोळ्यांचे मचवे तर त्याहूनही पूर्वीपासून दर्यावर जात होते. तरीही ज्यांच्या वाडवडिलांनी हा दर्या पायाखालच्या वाटेसारखा ओळखला होता, त्यांना सभासद म्हणून क्लबाची पायरी चढता येत नसे. वारा कोणाची जात वा वर्ण विचारीत नाही. विचारतात ती माणसे.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले. क्लबाची जुनी वास्तू अणुशक्ती आयोगाच्या उपयोगास आली आणि क्लब समोरच्या इमारतीत नांदू लागला. भारतीय सभासद झाले. १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीस भरल्या. परंतु दिल्लीस समुद्र नसल्यामुळे शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईस झाल्या. त्यांत फारोख तारापोर व झरीर करंजिया या भारतीय जोडीने ‘फायरबॉल’ जातीच्या होडीत सुवर्णपदक मिळविले.

सभासद होणे म्हणजे वर्गणी भरून सावलीत खुर्चीवर बसणे, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे बसणारे सभासद असतातही! परंतु होडी चालविणाऱ्या सभासदास स्वस्थता नाही. मुंबईस शिडांचा हंगाम साधारणतः पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत चालतो. नारळी पौर्णिमेस कोळी दर्याला नारळ अर्पण करतात, त्यामागेही खवळलेला समुद्र शांत होत आल्याची हीच जाणीव आहे. होडी पाण्यात उतरविण्यापूर्वी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे लागते. दुपारी जमीन तापली, म्हणजे समुद्राकडून खारे वारे वाहू लागतात. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे समुद्राकडे वाहतात. भूगोलाच्या पुस्तकात दोन ओळींत संपणारी ही गोष्ट येथे रोज अनुभवावी लागते. परतल्यावर खाऱ्या पाण्याने माखलेली होडी गोड्या पाण्याने धुवावयाची, शीड वाळवावयाचे, दोर गुंडाळून ठेवावयाचे. हे न केल्यास मीठ धातूचे भाग खाऊन टाकते.

वाऱ्याच्या दिशेनेच होडी जाते, हा आणखी एक समज. वारा समोरून येत असला, तरीही होडीला त्या दिशेस नेता येते. मात्र सरळ नाही. होडीचे तोंड वाऱ्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन करील असे ठेवावयाचे, काही अंतर जावयाचे, मग शीड फिरवून दुसऱ्या अंगास तेवढाच कोन साधावयाचा. घाटातील वळणाच्या रस्त्यासारखी नागमोडी वाट काढीत होडी वाऱ्याच्या उगमाकडे सरकते. अशा वेळी होडी आडवी वाहवत जाऊ नये, म्हणून तिच्या तळातून एक फळी पाण्यात उभी सोडलेली असते. शीड ढकलते आणि फळी अडविते. या दोहोंच्या ओढाताणीतून होडीस पुढे जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

नव्या सभासदास अगदी आरंभी जे शिकवितात, ते ऐकून हसू येईल. त्यास होडी उलटी करावयास लावतात! अंगात तरंगते जाकीट घालून, शिक्षकांच्या देखत, होडी मुद्दाम पाण्यात आडवी पाडावयाची. मग तळातील त्या फळीवर आपले वजन टाकून ती पुन्हा उभी करावयाची आणि आत चढून पाणी उपसावयाचे. होडी उलटली तरी तिला सोडून किनाऱ्याकडे पोहत सुटू नये, हा पहिला नियम. कारण तरंगती होडी दुरून दिसते, माणसाचे डोके दिसत नाही. हे शिक्षण समुद्रापुरते नाही. २१ मे २०२४ रोजी सोलापूर जिल्ह्यातीलच उजनी जलाशयात, कुगावाहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी अकस्मात सुटलेल्या वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण बुडून मरण पावले. तेथे समुद्र नव्हता. पाणी आणि वारा मात्र होता.

शर्यतीच्या दिवशी काही सभासद मुद्दाम शर्यतीबाहेर राहतात. कोणी निशाणांच्या होडीवर बसतो, कोणी बचावाच्या होडीवर. हे काम पाळीपाळीने सर्वांकडे येते, आणि ते टाळणारा सभासद इतरांच्या मनातून उतरतो. आरंभापूर्वी पाच मिनिटे पहिले निशाण चढते, चार मिनिटे राहिली असता दुसरे. एक मिनिट उरले की दुसरे उतरते आणि ठीक वेळी पहिलेही उतरते. तोवर कोणत्याही होडीने आरंभरेषा ओलांडावयाची नसते. दोन होड्या समोरासमोर आल्या, तर जिच्यावर वारा उजव्या अंगाने येतो, तिला दुसरीने वाट द्यावी. या खेळाचे एक वैशिष्ट्य असे, की पाण्यावर प्रत्येक वेळी पंच हजर असतोच असे नाही. ज्याने नियम मोडला, त्याने आपण होऊन होडीला गिरक्या घालावयाच्या आणि मग पुढे जावयाचे. कोणी पाहिले नसले, तरीही.

या सर्व नियमांच्या वर एक नियम आहे. पाण्यात कोणी संकटात सापडले, तर शर्यत सोडून त्यास मदत केली पाहिजे. १९८८ सालच्या ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियातील बुसान येथे कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू आपल्या शर्यतीत दुसऱ्या क्रमांकावर होता. वारा भयंकर वाढला होता. दुसऱ्या एका शर्यतीतील सिंगापूरची होडी उलटलेली आणि तिच्यावरील दोघे जण पाण्यात सापडलेले त्याने पाहिले. त्याने आपली होडी तिकडे वळविली, दोघांनाही वाचविले, गस्तीची होडी येईपर्यंत तो त्यांच्यापाशी थांबला आणि मगच शर्यतीत परतला. तोवर अनेक जण पुढे निघून गेले होते. पंचांनी त्या शर्यतीत त्यास दुसरा क्रमांक दिला. ऑलिंपिकमध्ये त्यास पदक जिंकता आले नाही. परंतु खिलाडूवृत्तीबद्दलचे पियर द कुबर्तँ पदक त्यास मिळाले.

अशा क्लबाचा सभासद होणे सोपे आहे काय? मोठ्या शहरांतील जुन्या क्लबांत जुन्या सभासदांची शिफारस लागते व वर्गणीही बरीच असते. पूर्वी वर्णाचे दार बंद होते. आज पैशाचे दार पुष्कळांना बंद आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु दुसऱ्या वाटाही निघाल्या आहेत. मुंबईत कुलाब्यास सी कॅडेट कोरची मुले होड्यांवर शिक्षण घेतात. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नाविक शाखेतील विद्यार्थीही शिडाच्या होड्या चालवितात.

लहानांच्या होडीची कथाही याच प्रश्नातून जन्मास आली. अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात क्लिअरवॉटर नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथील काही नागरिकांना मुलांसाठी स्वस्त, घरी बांधता येईल अशी होडी हवी होती. १९४७ साली क्लार्क मिल्स या होड्या बांधणाऱ्या कारागिराने तिचा आराखडा काढला. प्लायवूडचे तक्ते आठ फूट लांबीचे मिळत. म्हणून होडी ७ फूट ९ इंच लांबीची झाली आणि तिचे पुढचे टोक निमुळते न राहता सपाट झाले. एकच शीड, एकच मूल. तिचे नाव ‘ऑप्टिमिस्ट’. आज जगभरातील मुले पंधराव्या वर्षापर्यंत याच होडीत शर्यती करतात.

आणि समुद्र जवळ नसेल, तर तलावही चालतो. हैदराबादच्या हुसेनसागरावर शिडे फिरतात. भोपाळच्या मोठ्या तलावावरही फिरतात. मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्याच्या एका शेतकरी कुटुंबातील नेहा ठाकूर ही मुलगी भोपाळच्या राष्ट्रीय नौकानयन प्रशालेत शीड सांभाळण्यास शिकली. सप्टेंबर २०२३ मध्ये चीनमधील हांगझाऊ येथील आशियाई स्पर्धेत मुलींच्या लहान होडीच्या गटात ती उतरली. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. या खेळात पहिला आला त्यास एक गुण, दुसरा आला त्यास दोन, याप्रमाणे गुण मिळतात. म्हणून ज्याचे गुण कमी, तो पुढे. अकरा फेऱ्यांत नेहाचे ३२ गुण झाले. नियमाप्रमाणे तिची सर्वांत वाईट, ५ गुणांची फेरी वगळण्यात आली. उरले २७, आणि रौप्यपदक तिच्या गळ्यात पडले.